सांजघेवड्याची बरणी

१

"हे माझं बी नाही," मावशी म्हणाली.

चहात साखर कमी आहे हे सांगावं, त्या आवाजात ती बोलली. तरी हॉलमधली कुजबुज थांबली. तिच्या टेबलाभोवती माणसं रिकामी पाकिटं पुढे करून उभी होती. एकेकानं हात मागे घेतला.

स्टीलच्या ताटलीत मावशीनं नुकतंच बी ओतलं होतं. जांभळट, टपोरं, त्यावर काळ्या रेघा. सांजघेवड्याचं बी असंच दिसतं. बरणीवर रबरानं अडकवलेल्या कार्डावर मावशीचंच अक्षर होतं.

"मावशी, मोतीबिंदू काढल्यावर रंग जरा वेगळे दिसतात," दातांचे डॉक्टर हळुवारपणे म्हणाले. "माझ्या आईचंही तसंच झालं होतं."

ती माझी सख्खी मावशी. या मेळाव्यात मात्र ती सगळ्यांचीच मावशी असते.

"रंगाचं कोण बोलतंय?" मावशी म्हणाली. "तुम्ही आवाज ऐकला नाहीत का? माझं बी ताटलीत पडलं की खणखणतं. हे ओल्या सदऱ्याची बटणं पडावीत तसं पडलं."

दोघंतिघं हसले. मला त्यांचं हसू आवडलं नाही, कारण ते मावशीच्या बोलण्यावर नव्हतं, तिच्या वयावर होतं.

आमचा मेळावा म्हणजे जुन्या वाणांच्या भाज्या लावणाऱ्यांची वर्षातून एकदा होणारी भेट. दुकानातलं बियाणं इथे चालत नाही. टपालानं पाठवलेलंही चालत नाही. स्वतः धरलेलं बी स्वतः घेऊन यायचं, समोरच्याच्या हातावर ठेवायचं, ते कसं वाढतं हे तोंडानं सांगायचं. घेणाऱ्यानं पुढच्या हंगामात दुप्पट परत आणायचं. पैशाचा व्यवहार नाही, म्हणूनच वचनाला किंमत.

सांजघेवडा मावशीकडे तिच्या सासूकडून आला. आता गुडघ्यांमुळे ती घर विकून मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाली होती. तिथे माती म्हणजे पायपुसण्याला लागेल तेवढीच. म्हणून होतं नव्हतं तेवढं बी आज वाटून टाकायचं तिनं ठरवलं होतं. जुनं बी, या हंगामात लावलं नाही तर पुढे उगवेलच याची खात्री नाही.

तिचं म्हणणं खरं असेल, तर ही सगळी मंडळी भलतंच बी घरी नेणार होती. त्यालाच सांजघेवडा म्हणत वर्षानुवर्षं लावणार होती. खरा वाण संपला असता, आणि काही संपलंय याचा कुणाला पत्ताही लागला नसता.

"दार लावून घ्या," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. शाळेतून निवृत्त होऊन बाईंना बरीच वर्षं झाली, पण त्यांनी दार लावा म्हटलं की आजही माणसं दार लावतात. मग त्या मावशीकडे वळल्या. "बी बदललं असेल, तर बदलणारा याच खोलीत आहे. आणि बदललं नसेल, तर तुम्ही सगळ्यांची माफी मागायची."

त्या दोघी पूर्वी एकमेकींना अगं-तूगं करत. तांबड्या भोपळ्यावरून भांडण झाल्यापासून 'तुम्ही'वर आल्या होत्या. दोघींची कुंपणं लागून. दोघींचे भोपळे वेगवेगळे. एका वर्षी मधमाश्यांनी इकडचे परागकण तिकडे नेले आणि दोघींचाही वाण बिघडला. प्रत्येकीच्या मते दोष दुसरीच्या भोपळ्याचा होता.

"मागीन," मावशी म्हणाली. "पण माझी भाची आधी बघेल. ती शास्त्र शिकलीय. तिला निदान प्रश्न विचारता येतात."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी वनस्पतिशास्त्र शिकले होते, चोर पकडायला नाही.

२

प्रयोगशाळेत आम्हाला पहिलं शिकवतात ते हे: निष्कर्षाच्या मागे धावण्याआधी नमुना तपासा. चोर कोण हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, मावशी बरोबर आहे की तिचा गैरसमज झालाय?

बी नीट वाळलंय का हे बघण्याची एक साधी रीत आहे. ते टणक जागी ठेवून वरून हातोडीनं ठोकायचं. कोरडंठाक बी काचेसारखं फुटतं. आत ओल असेल तर ते नुसतं चेपतं. आता महत्त्वाचा भाग. मावशी सांजघेवडा फ्रीजरमध्ये ठेवते. ओल असलेलं बी फ्रीजरमध्ये गेलं, तर आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि बी मरतं. त्यामुळे ती बी इतकं वाळवते की ते दाताखाली घेतलं तर दात हलेल.

घड्याळवाले काका खिशात कायम लहानसा हातोडा बाळगतात. तो मी मागितला.

"एक मिनिट," डॉक्टर पुढे झाले. "हे शेवटचं बी म्हणता आणि त्यातलंच फोडता? आणि मावशींचा गैरसमज निघाला तर? गेला ना एक वेल."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी मावशीकडे पाहिलं.

"फोड," ती म्हणाली.

मी खिडकीच्या दगडी कट्ट्यावर एक बी ठेवलं आणि ठोकलं. मी हातोडा उचलला. बी फुटलं नव्हतं. खोडरबर दाबावा तसं ते चपटं झालं होतं.

दुसरं बी ठोकलं. तेही चपटं.

"हे बी फ्रीजरमध्ये कधीच गेलेलं नाही," मी म्हटलं. "इतकं ओलसर बी तिथे गेलं असतं तर आत्ता टेबलावर सगळं मेलेलं बी असतं, आणि मावशी मेलेलं बी वाटायला आणणार नाही. म्हणजे हे तिचं नाही."

घड्याळवाले काका दोन्ही चपट्या बिया तळहातावर घेऊन डोळ्याला भिंग लावून बघत बसले. "पोरगी बरोबर बोलतेय," ते म्हणाले.

मावशीचा चेहरा बदलला नाही, पण ती खुर्चीवर बसली. इतका वेळ ती उभीच होती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग बी बदललं केव्हा? सकाळी मीच बरणी फ्रीजरमधून काढली होती. इतकी गार की बोटं काचेला चिकटली. मावशी तेव्हा ओट्याशी उभी राहून मला सांजघेवड्याबद्दल सांगत होती. "लाजरा आहे गं तो. इतर घेवड्यांसारखी बीची दळं, म्हणजे बीच्या दोन फाका, वर काढत नाही, मातीतच ठेवतो. वर येतात ती थेट पानं. पहिल्या वर्षी मला वाटलं, बी कुजलंच. उकरून बघणार होते, सासूबाईंनी हात धरला." मी बरणी जाड टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवली. गार बरणी लगेच उघडायची नसते, नाहीतर हवेतला ओलावा आत बियांवर बसतो. म्हणून सांजघेवड्याचं वाटप शेवटी ठेवलं होतं.

डॉक्टर आम्हाला न्यायला गाडी घेऊन आले. घरापासून हॉल फार लांब नाही. पिशवी डिकीत, त्यांच्या लाकडी पेटीशेजारी. पोचल्यावर ते म्हणाले, "मावशी, तुम्ही जिना चढायला लागा, सामान मी काढतो." मावशीला धरून मी पुढे झाले. वरपर्यंत पिशवी आणली घड्याळवाल्या काकांनी. दाराशी बाईंनी ती आपल्या टेबलाखाली ठेवून घेतली, कारण नाव नोंदवल्याशिवाय सामान आत न्यायचं नाही हा त्यांचा नियम. तिथून ती मी घेतली, टॉवेल सोडला, बरणी मावशीच्या टेबलावर मांडली. काचेवर जरा धूळ होती, ती बोटानं पुसून कार्ड समोर केलं. त्यानंतर बरणी माझ्या डोळ्यांसमोर होती. तिला कुणी हात लावला नाही.

म्हणजे डिकीपासून बाईंच्या टेबलापर्यंत. तीन माणसं. तिघंही मावशीच्या ओळखीची, आणि तिघांपैकी एक चोर.

३

"विचार, मनात येईल ते विचार," घड्याळवाले काका म्हणाले. "पण मी चोर नाही हे आधी लिहून घे."

"लिहीत नाहीये काका."

"मग लक्षात ठेव. तरुण डोकं आहे."

त्यांचं टेबल खिडकीपाशी होतं. आमचा हॉल एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आहे, भाडं कमी म्हणून. खालून दिवसभर वाफ येते. खिडक्यांच्या काचा धुरकट, हवेत साबणाचा आणि इस्त्रीचा वास. काकांनी आपली बियाणी पाकिटांत घालून उभी लावली होती, घड्याळाचे सुटे भाग लावावेत तशी. एका पाकिटाचं तोंड उघडून त्यांनी मला मुळ्याचं बी दाखवलं, मी न विचारताच.

"पिशवी वर आणताना कुठे थांबलात?"

"जिन्यात. धाप लागली. पण पिशवी हातातच होती."

"बरण्या सगळ्यांकडे सारख्याच आहेत."

"मीच दिल्या की. गेल्या मेळाव्याला, प्रत्येकाला एक. पुतण्याचं दुकान बंद झालं, त्याच्या उरलेल्या. बरणी देणं हा गुन्हा असेल तर पकड मला." ते हसले. मग गंभीर झाले. "आणि हे बघ. मी सांजघेवडा कशाला चोरेन? माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी दिलेला."

हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मावशीकडून मूठभर सांजघेवडा नेला होता. पुढच्या मेळाव्याला रीतीप्रमाणे दुप्पट आणला. मावशी म्हणाली होती, माझ्याकडे आहे, तुम्ही इतरांना वाटा. त्यांनी सगळ्यांना वाटला. तरी मावशीच्या घरचं मूळ बी शेवटचं मिळणार म्हणून आज सगळे पुन्हा रांगेत होते. तेव्हापासून लोक त्यांना 'सांजघेवडेवाले डॉक्टर' म्हणायचे आणि ते नको नको म्हणत खूश व्हायचे. त्यांच्या दवाखान्यात, दातांच्या तक्त्याशेजारी, त्या वाटपाचा फोटो लावलेला आहे.

"कसा आला तुमच्याकडे?" मी विचारलं.

"झकास. एकूण एक बी उगवलं. दोन्ही दळं डोक्यावर घेऊन अशी रांगेत उभी, जशी काही शाळेच्या पहिल्या दिवशी नव्या टोप्या घातलेली पोरं. शेंगाही भरपूर. चवीला म्हणाल तर साधा, पण ते मी मावशींना सांगणार नाही."

मी मान डोलावली आणि पुढे गेले. त्या क्षणी मला त्यांच्या बोलण्यात काहीच खटकलं नाही.

भूगोलाच्या बाई दाराशी, आपल्या नोंदणीच्या टेबलामागे ताठ बसल्या होत्या. पायाशी त्यांची कापडी पिशवी. दोन्ही टाचांनी त्यांनी ती खुर्चीखाली दाबून धरली होती.

"बाई, मावशीची पिशवी तुमच्याकडे किती वेळ होती?"

"तू येऊन नेईपर्यंत."

"कुणी तिला हात लावला?"

"माझ्या टेबलाखालच्या वस्तूला कुणी हात लावत नाही."

"मग तुमची पिशवी बघू?"

बाईंचे कान लाल झाले. "माझ्या पिशवीला हात लावायचा नाही. तिच्या पिशवीचं काय झालं ते तिला विचार. भोपळ्याचंही तिलाच विचार."

"बाई, तुम्ही दार लावून घेतलंत. मग पिशवी का नाही दाखवत?"

त्यांनी समोरची पाण्याची बाटली उचलली आणि एक घोट घेतला. बाटली घरच्या फ्रीजमधून आणलेली, बाहेरून घामेजलेली. हॉलमधल्या सगळ्या टेबलांवर पांढरा कागद पसरलेला होता. बाटलीखालचा कागद गोल भिजून फुगला होता.

बाटली ठेवून बाईंनी पिशवी टाचांनी आणखी मागे ढकलली. मला वाटलं, सापडला चोर.

४

डॉक्टरांना मी शेवटी गाठलं, कारण त्यांच्यावर माझा सगळ्यात कमी संशय होता. ज्याच्याकडे सांजघेवडा आहे तो सांजघेवडा का चोरेल? शिवाय मावशीला दरवर्षी गाडीतून आणणारं माणूस तेच.

"बाईंनी पिशवी दाखवली नाही ना?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी काही म्हणत नाही. पण जुनं वैर कुठे कसं बाहेर येईल सांगता येत नाही. दातासारखं असतं ते. वरून चांगला दिसतो."

"डिकीतून सामान काढताना पिशवी उघडी होती का?"

"बंद होती. जशी होती तशी काकांच्या हातात दिली."

त्यांची लाकडी पेटी टेबलावर उघडी होती. पूर्वी दवाखान्यातली हत्यारं ठेवायची पेटी. वरचा कप्पा उचलून बाजूला काढता येतो, खाली खोल जागा. वरच्या कप्प्यात पाकिटं दाटीनं उभी होती. पाकिटं काकांच्यासारखीच, कारण दोघं मिळून एकच मोठा गठ्ठा घेतात.

"वांग्याचं बी द्याल?" मी विचारलं. खरं तर मला विचार करायला वेळ हवा होता.

"देतो की. पांढरं की हिरवं?" त्यांनी एक पाकीट काढलं आणि तोंड उघडायला गेले. उघडेना. अंगठ्याचं नख घातलं, तरी उघडेना. शेवटी कोपरा फाडून त्यांनी माझ्या हातावर बी ओतलं. "या लाँड्रीच्या वाफेनं वैताग आणलाय. डिंक आपोआप चिकटतो."

दुसरं पाकीटही चिकटलेलं होतं. तेही फाडलं.

मी बी घेतलं, आभार मानले, मावशीपाशी येऊन बसले. ती एकाच ठिकाणी बघत होती, ताटलीकडे.

"सापडलं नाही तर मी हे वाटणार नाही," ती म्हणाली. "खोटं नाव लावून बी द्यायचं नसतं. सांगेन, सांजघेवडा माझ्या हातून गेला. सासूबाई तर आता नाहीतच विचारायला."

"बाईंच्या पिशवीत असेल असं वाटतंय."

"तिच्या? छे." मावशीनं पहिल्यांदा मान वर केली. "ती माझ्याशी भांडेल, पण घेवड्याशी नाही भांडणार."

बाईंनी त्या वेळी टेबल आवरायला घेतलं. बाटली बाजूला केली. तिच्याखालच्या ओल्या गोलावर नोंदणीची शाई पसरली होती, ते बघून त्या करवादल्या.

मी त्या ओल्या गोलाकडे पाहिलं. मग मावशीच्या टेबलाकडे. बरणी उचलली. तिच्याखालचा कागद कोरडा होता. इस्त्री केल्यासारखा सपाट.



५

"सगळ्यांनी एक करा," मी म्हटलं. आवाज हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला. "ज्यांची बियाणी डिंकाच्या पाकिटांत आहेत, त्यांनी एकेक पाकीट काढा आणि तोंड उघडून दाखवा."

"हा काय खेळ?" कुणीतरी विचारलं.

"पाचच मिनिटं."

काकांचं पाकीट सहज उघडलं. शेजारच्यांचं उघडलं. आणखी दोघांची उघडली. डॉक्टरांनी आपलं पाकीट हातात घेतलं, पण उघडायचा प्रयत्न केला नाही.

"फ्रीजमधली बाटली बाहेर ठेवली की काय होतं?" मी विचारलं. "तिला घाम फुटतो. हवेतली वाफ गार काचेवर येऊन पाणी होते. या हॉलमध्ये तर वाफेला तोटाच नाही. बाईंच्या बाटलीखालचा कागद बघा. ती साध्या फ्रीजमधली बाटली. आमची बरणी फ्रीजरमधली, त्याहून कितीतरी गार. टॉवेल सोडून मी ती इथे ठेवली, तेव्हा काच पाण्यानं डबडबायला हवी होती. आणि मी काय केलं? बोटानं धूळ पुसली. कोरडी धूळ. मला तेव्हाच कळायला हवं होतं. बी बदललेलं नाही, अख्खी बरणीच बदललीय. फक्त कार्ड इकडचं तिकडे झालंय."

"मग खरी बरणी?" बाईंनी विचारलं.

"खरी बरणी जिथे ठेवली असेल, तिथे तिला घाम फुटला असणार. टॉवेल इथेच राहिला, म्हणजे ती उघडीच. बंद जागेत ठेवली, तर तिथली हवा ओली होणार, आणि त्या हवेत डिंकाची पाकिटं असतील तर ती आपोआप चिकटणार. लाँड्रीच्या वाफेनं चिकटायची असती, तर सगळ्यांची चिकटली असती. काकांचं टेबल तर खिडकीत आहे."

आता सगळे डॉक्टरांच्या पेटीकडे बघत होते.

"पण त्यांच्याकडे सांजघेवडा आहे," काका म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "त्यांनीच आपल्याला दिला."

"काका, तुमच्या वेलाची दळं कुठे होती?"

"डोक्यावर. सांगितलं ना."

"मावशी, सांजघेवड्याची?"

"मातीत," मावशी म्हणाली. ती उभी राहिली होती. "ती कधी वर येतच नाहीत."

"म्हणजे काकांकडे आहे तो सांजघेवडा नाही. तुमच्यापैकी कुणाकडेच नाही. तसंच दिसणारं दुसरं बी आहे. आज मावशीनं खरं वाटलं असतं, तर पंधरवड्यात प्रत्येकाच्या परसात दोन ओळी शेजारी उभ्या राहिल्या असत्या, एक टोपी घातलेली, एक बिनटोपीची. एकट्या मावशीनं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, वय झालं. मघाशी म्हणालेच की. पण मातीनं सांगितलं असतं तर कुणाला नाकारता आलं नसतं."

मग डॉक्टरांनी स्वतःच पेटीचा वरचा कप्पा दोन्ही हातांनी उचलला, तोंडातून कवळी काढावी तितक्या जपून. खाली, ओल्या फडक्यावर आडवी ठेवलेली बरणी होती. काचेवर पाण्याचे ओघळ.

"दिवसभर लोकांच्या तोंडात आरसा घालता तुम्ही," घड्याळवाले काका म्हणाले. "घालण्याआधी तो कोमट करता, वाफ धरू नये म्हणून. आणि हे नाही सुचलं?"

"नाही सुचलं," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मावशीकडून नेलेला सांजघेवडा त्यांनी दवाखान्याच्या गच्चीवर कुंड्यांत लावला. थोडा उगवला, दळं मातीत ठेवून, आणि उन्हानं करपून गेला. एक शेंग धरली नाही. मेळावा जवळ आला. हात हलवत जायची लाज वाटली. एका बाजारात तसंच दिसणारं बी मिळालं. "एकदाच म्हणून दिलं. मग तुम्ही सगळे 'सांजघेवडेवाले' म्हणायला लागलात. फोटो लावला. काढता येईना." आज त्यांनी आपल्याच बियांची बरणी डिकीत तयार ठेवली होती.

"आणि खरं बी?" मावशीनं विचारलं. "फेकून का नाही दिलंत? पुरावाच गेला असता."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "मावशी, बी फेकवतं का? यंदा घरामागे जमिनीत नीट लावणार होतो. पुढच्या वर्षी हळूच सगळ्यांना हेच देणार होतो."

"आणि तेही करपलं असतं तर?"

डॉक्टरांनी बरणी उचलली आणि मावशीच्या टेबलावर नेऊन ठेवली.

६

पेटीच्या तळाशी बरणी अजून गारच राहिली होती, लगेच उघडायची नव्हती. ती खोलीइतकी ऊबदार व्हायला हवी. म्हणून आम्ही थांबलो. पाळण्यात झोपलेल्या बाळाभोवती माणसं जमावीत तसे सगळे टेबलाभोवती बसून राहिले. काकांनी दर थोड्या वेळानं काच पुसली. डॉक्टर घरी जायला निघाले, तर मावशी म्हणाली, "बसा. तुमचं काम राहिलंय."

बाईंनी मात्र आपली कापडी पिशवी उचलली आणि मावशीच्या पुढ्यात उलटी केली. काड्यापेट्यांत भरलेली बियाणी, चष्म्याचं घर, आणि एक चकचकीत पाकीट. दुकानातलं. संकरित टोमॅटोचं.

हॉलमध्ये कुणीतरी घसा खाकरला. आमच्यात हे पाकीट बाळगणं म्हणजे सुतारानं प्लास्टिकची खुर्ची विकत घेण्यासारखं.

"माझे टोमॅटो तीन वर्षं किडले," बाई म्हणाल्या. "भाजीला तरी लागतातच ना. हे लपवत होते. चोरी नव्हते लपवत."

"मला विचारायचं," मावशी म्हणाली. "माझ्याकडे न किडणारा आहे."

"कसं विचारणार? तू बोलत होतीस का माझ्याशी?"

"तू तरी बोलत होतीस का?"

काकांनी मला कोपरानं ढोसलं. मी पण ऐकलं होतं. त्या दोघींना मात्र आपण काय बोलून गेलो याचा पत्ता नव्हता. त्या लगेच भोपळ्यावर आल्या आणि मधमाशी कुणाच्या कुंपणातून कुणाच्या कुंपणात गेली यावर पुन्हा वाद घालू लागल्या, यावेळी अगं-तूगं करत.

काच कोरडी झाली. मावशीनं बरणीचं झाकण फिरवलं, ताटली पुढे ओढली आणि बी ओतलं.

खणखणाट झाला. चिल्लर नाण्यांची पिशवी फरशीवर फुटावी तसा. लांब बसलेल्यांनीही माना वर केल्या. एक बी मी काकांच्या हातोड्याखाली ठेवलं, शास्त्राला शेवटपर्यंत न्यायचं म्हणून. त्याच्या ठिकऱ्या उडाल्या आणि एक माझ्या चष्म्यावर आदळली.

"पुरे गं तुझं शास्त्र," मावशी म्हणाली. "एक वेल खाल्लास." पण ती हसत होती, सकाळपासून पहिल्यांदा.

"डॉक्टर, आधी तुमचं काम," ती म्हणाली.

डॉक्टर उठले. त्यांनी खुर्चीला धरून, एकेकाकडे बघत सांगितलं की गेल्या वर्षी मी दिलेला घेवडा सांजघेवडा नव्हता, त्याला दुसरं नाव द्या किंवा खाऊन टाका. दवाखान्यातला फोटो उद्या काढतो. त्यांनी मधलं काही गाळलं नाही.

मग वाटप सुरू झालं. मावशी प्रत्येकाच्या तळहातावर मोजकं बी ठेवत होती आणि तेच पुन्हा पुन्हा सांगत होती: खोल लाव, पाणी कमी घाल, उगवलं नाही असं वाटलं तरी उकरू नकोस, दळं मातीतच असतात, पहिल्या शेंगा खाऊ नकोस, बियांना ठेव. काकांनी आपलं बी दोन पाकिटांत विभागून घेतलं. एक स्वतःला, एक बंद दुकानवाल्या पुतण्याला. बाईंनी काड्यापेटीतलं जुनं बी खिशात ओतून ती रिकामी केली.

शेवटी डॉक्टरांचा नंबर आला. ते टेबलाशी आले नव्हते. मावशीनंच त्यांना हाक मारली.

"हात करा पुढे."

"मावशी, मला कसं देता?"

"मागच्या मुठीचं दुप्पट यायचं राहिलंय. या मुठीचंही दुप्पट. कुंडीत लावायचं नाही, गच्चीवर न्यायचं नाही. करपलं तर करपलं म्हणून इथे येऊन सांगायचं." तिनं त्यांच्या तळहातावर बी ठेवलं आणि स्वतःच्या हातानं त्यांची बोटं मिटली. "सांगितलंत, तरी मी पुन्हा देणार नाही. माझ्याकडे नसेलच. पण यांच्यापैकी कुणीतरी देईल."

डॉक्टरांनी मूठ सदऱ्याच्या आत, छातीशी धरली आणि तशीच धरून जागेवर जाऊन बसले.

ताटली रिकामी झाली. काकांनी ती उचलून उलटी करून दाखवली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली, आणि खालच्या लाँड्रीतून एक बाई वर येऊन विचारून गेली की काय झालं.

मावशीनं बरणीत हात घालून तळ चाचपला. काही उरलं नव्हतं. मला वाटलं, आता तिच्या डोळ्यांत पाणी येईल. इतक्या वर्षांचं बी, सासूनं दिलेलं, आणि आता घरी न्यायला एक दाणाही नाही.

तिनं झाकण लावलं, बरणी माझ्या हातात दिली आणि हॉलभर नजर फिरवली. जिकडेतिकडे माणसं पाकिटं खिशात घालत होती, कुणी दोनदा चाचपून बघत होतं.

"आता येऊ दे चोर," मावशी म्हणाली. "एवढी सगळी घरं फोडायला बिचाऱ्याला किती जन्म लागतील."